पार्श्वभूमी : आयर्लंडच्या डोंगरांत हिवाळा नेमका कधी असतो?

आयर्लंडमध्ये पूर्वी उन्हाळाभर गुरे डोंगरावर असत आणि हिवाळ्यात डोंगर रिकामा पडे. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जनावरे वरच्या गवताळ माळांवर नेली जात, गुराख्यांच्या झोपड्या तिथेच उभ्या राहत, आणि १ नोव्हेंबरला साउइनच्या सणापर्यंत माणसे व गुरे दोघेही खाली परतत. शिखरांवरच्या यात्राही उन्हाळ्यातच भरत. क्रो पॅट्रिक या पवित्र डोंगरावरची मोठी यात्रा आजही जुलैच्या शेवटच्या रविवारी होते. थंडीत मुद्दाम वर जाण्याची हौस त्यामुळे फार अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दोर आणि हिमकुऱ्हाडी घेतलेली मंडळी इथल्या नाळांमध्ये, म्हणजे कड्यांतल्या उभ्या घळींमध्ये, दिसू लागली, आणि केरी काउंटीत स्वयंसेवकांचे बचाव पथक १९६६ मध्ये उभे राहिले. तोवर कड्यावरून कोणी पडले तर शोधायला आसपासचे शेतकरीच जात.

हिवाळी डोंगरभटकंतीची आजची चर्चा मात्र एका साध्या वाटणाऱ्या शब्दापाशी अडकते, आणि तो शब्द म्हणजे हिवाळा. आयर्लंडच्या पारंपरिक पंचांगात हिवाळा नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत असतो, आणि १ फेब्रुवारीला, संत ब्रिजिडच्या दिवशी, वसंत सुरू होतो. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळते. हवामान खात्याचा हिवाळा मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी असा आहे. डोंगरभटक्यांचा हिवाळा या दोन्हींहून वेगळा : हिम इतके घट्ट झाले की बुटाची टाच रुतत नाही आणि क्रॅम्पॉनवाचून (बुटांना लावायच्या धातूच्या काट्यांवाचून) पाऊल टाकता येत नाही, तेवढेच दिवस त्यांच्या लेखी ‘हिवाळी परिस्थिती’चे. असे दिवस फेब्रुवारीत येतात, कधी मार्चमध्येही येतात, आणि एखाद्या वर्षी येतच नाहीत.

हा केवळ शब्दच्छल नाही. मार्गपुस्तिकांतल्या काठिण्यश्रेणी कोरड्या, उन्हाळी खडकासाठी ठरवलेल्या असतात. केरीतल्या मॅकगिलीकडीज रीक्स या रांगेत कॅरॉनटूहिल (१,०३९ मीटर) आणि बीनकेरा ही शिखरे जोडणारी अरुंद धार उन्हाळ्यात स्क्रॅम्बलिंगच्या सर्वांत सोप्या श्रेणीत मोडते. हातांचा आधार घेत, खाली फारसे न पाहता, सराव असलेला माणूस ती दोराशिवाय पार करतो. त्याच धारेवर काचेसारखा पातळ बर्फ चढला की ती सरळसरळ हिवाळी गिर्यारोहणात जाते आणि तिची श्रेणी स्कॉटलंडमधल्या हिवाळी मापाने मोजावी लागते. मधली पायरी नाहीच. ‘जानेवारीत जाऊन आलो, काही अडचण आली नाही’ असे सांगणारा माणूस खरेच बोलत असतो. पण तो ओल्या खडकावरून गेलेला असतो, आणि त्याच्या शब्दावर विसंबून पुढच्या शनिवारी निघालेल्याला मात्र बर्फ भेटतो. कॅलेंडर पाहून ‘हिवाळी भटकंती’ जाहीर करण्याची पद्धत माझ्या मते यासाठीच सोडून द्यायला हवी, कारण ती मध्यम तयारीच्या माणसाला खोटा धीर देते.

असे का होते, याचे कारण अटलांटिक महासागरात आहे. केरीच्या किनाऱ्यावर जानेवारीचे सरासरी तापमान सात अंशांच्या आसपास राहते, आणि उंचीबरोबर दर हजार मीटरला साडेसहा अंशांच्या हिशेबाने ते घटते. म्हणजे शिखरे ऐन हिवाळ्यात नेमकी गोठणबिंदूच्या काठावर उभी असतात. सकाळी पाऊस, दुपारी गारठा, रात्री पुन्हा वितळण असा खेळ आठवड्यात दोनदोनदा चालतो. त्यातून साचलेले हिम भुसभुशीत न राहता कडक होते आणि झिरपणारे पाणी खडकावर बर्फ धरते. हॅग्ज ग्लेनच्या दरीतून खिंडीत चढणारी डेव्हिल्स लॅडर ही नाळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांखाली इतकी उकरली गेली आहे की उन्हाळ्यात तिथे सुट्या दगडांची भीती असते. थंडीत तेच दगड बर्फात घट्ट बसतात, पण त्यांच्यावरून वाहणारे पाणीही गोठते, आणि दमलेल्या पायांनी उतरताना ती सर्वांत वाईट ठरते. त्यात डिसेंबरअखेरीस उजेड जेमतेम पावणेआठ तास मिळतो.

जुन्या लोकांच्या बोलण्यात १९४७, १९६३ आणि १९८२ हे हिवाळे येतात, पण आजच्या समजुती घडल्या त्या २०१०ने. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळपर्यंत गारठा फारसा हटला नाही. मेयो काउंटीत २५ डिसेंबरला पारा उणे १७.५ अंशांवर गेला. एरवी क्वचितच गोठणाऱ्या नाळा तेव्हा चढण्याजोग्या झाल्या, आणि आयर्लंडमध्येही बर्फावरची चढाई करता येते हे एका पूर्ण पिढीने प्रथमच अनुभवले. २०१८ मध्ये पूर्वेकडून आलेली थंडी आणि दक्षिणेचे वादळ यांची गाठ पडून विक्लोच्या डोंगरांत जे प्रचंड हिम पडले, ते मार्चच्या पहिल्या तीन दिवसांत. पारंपरिक पंचांग घ्या वा हवामान खाते, दोन्हींच्या व्याख्येने तो वसंत होता.

दुसरा धागा जमिनीचा आहे, आणि तोही थंडीशी येऊन मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून झालेल्या भूमी कायद्यांनी जमीनदारांची मालकी कुळांकडे गेली. डोंगरावरची चराई अनेक ठिकाणी सामाईक राहिली, पण तीही खासगीच. कॅरॉनटूहिलवर जाणारा प्रत्येक जण म्हणून शेतकऱ्यांच्या चांगुलपणावर चालतो. १९९५च्या कायद्याने मनोरंजनासाठी आलेल्यांप्रती मालकाची जबाबदारी मर्यादित केली, मात्र त्यांच्यासाठीच उभारलेल्या बांधकामांची निगा राखण्याची अट ठेवली. २००१ मध्ये गुरांच्या लाळ-खुरकत रोगामुळे डोंगर बंद झाले, तेव्हा ही परवानगी किती नाजूक आहे हे सर्वांना कळले. पुढे विक्लोत रेल्वे रुळांखालच्या जुन्या लाकडी ओंडक्यांनी बांधलेल्या वाटेवर पडून जखमी झालेल्या एका व्यक्तीला २०१६ मध्ये ४०,००० युरोंची भरपाई मंजूर झाली, आणि डोंगराळ भागातले जमीनमालक हादरले. फेब्रुवारी २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. डोंगरी वाटेवर चालणाऱ्याने आपले पाऊल कुठे पडते हे पाहायलाच हवे, हा त्यातला मुद्दा योग्यच होता. २०२३च्या दुरुस्तीने, माणसाने स्वतःहून पत्करलेला धोका त्याच्या वागण्यावरूनही मानता येईल, असे स्पष्ट केले. बर्फाळ धारेवर क्रॅम्पॉन लावून चढणाऱ्याच्या बाबतीत हे ओळखणे सोपे आहे. साधे खेळाचे बूट घालून निघालेल्या आणि वर बर्फ असेल याची कल्पनाच नसलेल्या माणसाने नेमके काय पत्करले, हा प्रश्न कठीण आहे आणि तो पुन्हा त्याच शब्दापाशी आणून सोडतो.

हिमकुऱ्हाड वापरायला शिकण्यासाठी अनेक आयरिश भटके स्कॉटलंडला जातात, कारण घरी हिम कधी मिळेल याचा भरवसा नाही. २०१० नंतर इतका लांबलेला गारठा पुन्हा आलेला नाही, त्यामुळे त्यानंतर डोंगर चढू लागलेल्या अनेकांनी कॅरॉनटूहिलवरच्या ब्रदर ओशेज गली या नाळेत भरलेले, टिकलेले बर्फ पाहिलेलेच नाही. बीनकेराच्या धारेवर मात्र रात्रभर आभाळ निरभ्र राहिले तरी पुरते, आणि पहाटे तिथे हिवाळा उतरलेला असतो.