पार्श्वभूमी: बिझनेस क्लासचं जेवण आणि 'हिंदू मील'चा घोळ

बिझनेस क्लासमधलं जेवण फसलं की सगळे शेफच्या नावाने ओरडतात, पण खरं सांगायचं तर निम्मा दर्जा तिकीट काढताना 'स्पेशल मील'च्या रकान्यात आपण काय निवडतो तिथेच ठरलेला असतो, आणि आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला त्याचा फटका सगळ्यात जास्त बसतो. लाखभर रुपये जास्त मोजून पुढच्या केबिनमध्ये बसायचं आणि ताटात काय येणार ते शेवटपर्यंत कळायचं नाही, हे मला पटत नाही.

जुनं थोडक्यात. लंडन-पॅरिस विमानात १९१९ मध्ये ३ शिलिंगला जेवणाचा डबा मिळायचा, तिथून सुरुवात. एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन विमान कैरो-जिनिव्हामार्गे ८ जून १९४८ ला सुटलं. त्या काळात आंतरराष्ट्रीय भाडी सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली असायची, मग गिऱ्हाईक ओढायचं कशाने, तर पाहुणचाराने. १९५८ मध्ये अटलांटिकवर स्वस्त वर्ग आला तेव्हा त्यातल्या प्रवाशांना फक्त साधं सँडविच द्यायचं असा नियम झाला, युरोपातल्या काही कंपन्यांनी पावावर इतकं काही रचलं की तक्रार गेली, आणि सँडविच म्हणजे नक्की काय यावर बैठका झाल्या. पुढचं ताट आणि मागचं ताट मुद्दाम वेगळं ठेवायचं हे तेव्हापासून नियमातच बसलं.

महाग ताट म्हणजे सुरक्षित ताट असंही नाही. १९८४ च्या मार्चमध्ये लंडनहून सुटलेल्या विमानांत साल्मोनेला या जंतूमुळे विषबाधेची मोठी साथ झाली, ती पदार्थांवर चकाकीसाठी लावलेल्या अ‍ॅस्पिकच्या, म्हणजे मांसाच्या रश्शापासून केलेल्या जेलीच्या, थरातून, आणि पुढच्या वर्गातले प्रवासी त्यात जास्त सापडले कारण सजावट त्यांच्याच ताटात होती. आजही विमानात कोणी स्वयंपाक करत नाही, जमिनीवरच्या फ्लाइट किचनमध्ये शिजवतात, झटकन ५ अंशांखाली थंड करतात आणि वर ओव्हनमध्ये फक्त गरम करतात. त्यात केबिनमधला हवेचा दाब ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा, हवा कोरडी, इंजिनचा आवाज, त्यामुळे मीठ आणि साखर जिभेला कमी लागते. जर्मनीत २०१० मध्ये कमी दाबाच्या केबिनमध्ये चाचण्या झाल्या त्यात हेच दिसलं. जिरं, वेलदोडा असले मसाले मात्र वर टिकतात, म्हणजे आपलं जेवण या कामाला मुळातच चांगलं आहे, आणि तरीही शाकाहारी बिझनेस क्लासवाल्याला बहुतेक वेळा पनीरच मिळतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे देशांतर्गत बिझनेस क्लास खऱ्या अर्थाने आला १९९३ नंतर, खाजगी कंपन्या उतरल्या तेव्हा. मुंबई-दिल्ली म्हणजे दोन तासांचा प्रवास, त्यात चिनीमातीच्या प्लेटा, गरम जेवण, वर गोड, हे सगळं बसवायचं म्हणजे क्रूची धावपळच. २००३ पासून स्वस्त विमानं आली, मागच्या केबिनमधलं फुकट जेवण हळूहळू गेलं, आणि जेवण ही पुढच्या वर्गाची ओळख झाली. मग २०१७ मध्ये सरकारी कंपनीने, म्हणजे एअर इंडियाने, देशांतर्गत इकॉनॉमीत नॉनव्हेज बंद केलं, बिझनेसमध्ये चालू ठेवलं, कारण दिलं नासाडी आणि खर्च. खर्च वाचला असेलही, पण काय खायचं ते निवडणं हा पैसेवाल्यांचा हक्क आहे असा त्याचा अर्थ लोकांनी लावला आणि मला तो चुकीचा वाटत नाही.

आता खरा घोळ. विमान कंपन्यांची मील चार इंग्रजी अक्षरांच्या कोडने चालतात. 'एव्हीएमएल' म्हणजे एशियन व्हेजिटेरियन, नावात आशिया असला तरी ते आपलं मसाल्याचं शाकाहारी जेवण. चिनी पद्धतीचं शाकाहारी वेगळं, त्याला 'व्हीओएमएल'. जैनांचं 'व्हीजेएमएल', त्यात कांदा-लसूण-बटाटा नाही. आणि 'एचएनएमएल' म्हणजे हिंदू मील, जे शाकाहारी नाहीच! बीफ नाही ही त्याची मुख्य हमी, चिकन, मटण, मासे सगळं चालतं. आमच्या ओळखीतल्या एक काकू अमेरिकेला मुलाकडे निघाल्या होत्या, मुलाने कौतुकाने बिझनेसचं तिकीट काढलं, हिंदू म्हणजे व्हेज असं समजून तेच टिक केलं, आणि समोर चिकन आलं, बाकीचं व्हेज संपलेलं, मग अख्ख्या प्रवासात ब्रेड आणि फळं.

यावर भांडणं झाली ती मात्र जेवणावरून नाही, नावावरून. जुलै २०१८ मध्ये दुबईच्या एका मोठ्या कंपनीने हिंदू मील बंद केलं, लोक भडकले, एका दिवसात परत आणलं. मग २०२४ मध्ये आपल्याकडे धर्माच्या नावाने जेवण कशाला असा प्रश्न एका खासदाराने विचारला, आणि नोव्हेंबरमध्ये एका भारतीय कंपनीने ठरवलं की हलाल प्रमाणपत्र फक्त आधी मागवलेल्या मुस्लिम मीललाच, हिंदू मील हलाल नसेल, सौदीच्या मार्गांवर मात्र सगळंच हलाल. अनेकांना हा विजय वाटला. मला वाटतं या सगळ्यात ताटात काय आहे ते सरळ लिहा, चिकन की भाजी, ही साधी मागणी कोणी केलीच नाही.

पुढच्या केबिनमध्ये याचा अजून एक तोटा आहे. कोड टाकला की बऱ्याचदा छापील मेनूतून निवडायची सोय जाते, शेजारचा माणूस तीन पदार्थांतून निवडतो आणि आपल्याला ठरलेला ट्रे. सिंगापूर एअरलाइन्सने १९९८ मध्ये आधीच मुख्य पदार्थ निवडायची सोय आणली, ती आपल्याकडे नीट पोचायला फार वर्षं गेली.

मधे कोविड आला, मे २०२० मध्ये विमानं सुरू झाली ती जेवणाशिवाय, नंतर पॅकबंद डबे, २०२१ मध्ये दोन तासांखालच्या प्रवासात परत बंदी, नोव्हेंबरमध्ये उठली. २०२२ ला सरकारी कंपनी खाजगी झाली, मेनू बदलले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या स्वस्त कंपनीने दिल्ली-मुंबईवर स्वतःचा बिझनेस क्लास काढला, त्यात जेवण म्हणून पूर्ण शाकाहारी बॉक्स. २०१७ मध्ये जी गोष्ट फक्त मागच्या सीटवाल्यांवर लादली म्हणून आरडाओरडा झाला, ती सात वर्षांनी पुढच्या सीटवर आली.