गॅरेजमध्ये थंड, घाटात लाल

गोव्यातलं केरी मागे टाकून चोर्ला घाट चढायला लागलं की काही वळणांतच आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागायचा. गाडी जुनी, छोटी, तीन सिलिंडरची. वीस वर्षांहून जास्त काळ घरात असलेली. फोंड्याच्या बाजारातल्या गर्दीत तिला काही होत नसे. गॅरेजमध्ये अर्धा तास चालू ठेवली तरी पंखा वेळेवर लागे आणि वेळेवर थांबे. दोन वर्षांत थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा स्विच बदलला, रेडिएटर दोनदा धुऊन घेतला. तरी बेळगावची वाट धरली की बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभं राहणं चुकत नव्हतं. मागच्या सीटवर आई पदराने वारा घेत बसलेली असायची, आणि मला तिच्याकडे बघवत नसे.

शेवटी एका वयस्क मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, गेलो. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाला, "गाडी केन्ना तापता, तें पयलीं सांग."

तपासाचं खरं टोक या प्रश्नात आहे. पेट्रोल जळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव भाग चाकांपर्यंत पोचतो. उरलेल्यातली बरीच सायलेन्सरवाटे जाते, आणि एकूण उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलून न्यावा लागतो. माणसं आणि सामान धरून ९०० किलोची गाडी ७०० मीटर वर चढवायची, तर नुसत्या चढणीपायी पाण्यात येणारी उष्णता साधारण ८० लाख ज्यूल होते. न्हाणीतल्या चुलीवरचं भाण डोळ्यांसमोर आणा: एवढ्या उष्णतेत २५ ते ३० लिटर गार पाणी उकळीला येईल. गाडीत पाणी असतं जेमतेम चार लिटर. म्हणजे तेच पाणी न थांबता फिरत राहिलं पाहिजे आणि प्रत्येक फेरीत रेडिएटरमध्ये आपली उष्णता टाकून आलं पाहिजे.

आता 'केव्हा' ला अर्थ येतो. गाडी सिग्नलला उभी असताना तापते आणि वेगात निवते, तर दोष हवेचा: पंखा, त्याचा स्विच, रेडिएटरच्या पात्यांत अडकलेला कचरा. वेगात वारा आपोआप मिळतो, म्हणून तिथे हा दोष झाकला जातो. उलट, उभी असताना ठीक आणि चढणीला तापते, तर दोष बहुधा पाण्याच्या फिरण्यात. कुठेही, कधीही तापते आणि पाणी गळती न दिसताच कमी होतं, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचं डोकं आणि धड यांच्यामधल्या सीलची, शंका घ्यावी. त्याची एक सुंदर परीक्षा आहे. ब्रोमोथायमॉल ब्लू हे निळं द्रावण नळीत घेऊन रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा त्यातून ओढतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरत असेल, तर द्रावण आम्लधर्मी होऊन पिवळं पडतं. आमचं निळंच राहिलं. मला केवढं हायसं वाटलं!

गोव्याची दमट हवा याला कारण असेल असं मला उगीच वाटायचं. मे महिन्यात आपला जीव जातो कारण घाम वाळत नाही. रेडिएटरला घाम येत नाही. तो नुसत्या तापमानातल्या फरकावर चालतो. हवा ३३ अंशांवर आणि पाणी ९० अंशांवर असेल, तर दमटपणाने त्याचं फारसं काही अडत नाही.

मग मेस्ताने मला सीटवर बसवलं आणि ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं. "सोडूं नाका, तसोच धर." काही क्षणांत त्याने हाक मारली. त्याच्या सहकाऱ्याने ॲक्सिलरेटरवर पाय धरला, मी उतरून पाहिलं. रेडिएटरच्या तळाकडून, पाणी फिरवणाऱ्या पंपाकडे जाणारी रबरी नळी, खालचा होज, चिमटीत धरल्यासारखी चपटी झाली होती. ॲक्सिलरेटर सोडला, की पुन्हा गोल.

या नळीतून पंप पाणी ओढतो. पंप पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे इंजिनचे फेरे वाढले की ओढही वाढते. रबर जुनं आणि मऊ झालेलं असेल तर ते आत खेचलं जातं आणि वाट बंद होते. घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन सर्वांत जास्त उष्णता देत असतं, नेमकं तेव्हाच. गॅरेजमध्ये इंजिन सावकाश फिरतं, म्हणून नळी तिथे गोलच दिसायची. असं होऊ नये म्हणून आत तारेची स्प्रिंग असते. नळी कापली तेव्हा आमच्या स्प्रिंगचा गंज उरला होता. कूलंटऐवजी मी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतत होतो. कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्यं असतात. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीत खारटपणाही.

दुसरा दोष रेडिएटरच्या झाकणात निघाला. हे झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी ०.९ बार दाब धरला, तर पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. चोर्ल्याच्या उंचीवर उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे या दाबाची गरज अधिक. आमचं झाकण दाब धरतच नव्हतं. दाब नसला की नळीला आतून आधार मिळत नाही, आणि पंपाच्या तोंडाशी पाण्यात बुडबुडे होतात. बुडबुड्यांतून पाणी नीट ढकललं जात नाही. दोन किरकोळ दोष असे एकमेकांना हात देत होते.

तापलेल्या गाडीचं झाकण मात्र कुणीही उघडू नये. चांगल्या झाकणाखाली ११८ अंशांवर दबलेल्या चार लिटर पाण्यातलं जेमतेम १३० मिलिलिटर पाणी दाब सुटताच वाफ होतं. पण त्या वाफेला जागा लागते सुमारे २०० लिटर. तीच तोंडावर येते. गाडी बाजूला घ्यावी, एसी बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच आहे, आणि पाणी शिल्लक असेल तोवर तो थोडी उष्णता आत ओढून घेतो. मग इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावं.

नवा होज, नवं झाकण, आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट. पुढच्या खेपेला केरीपासून वरपर्यंत काटा मधल्या खुणेच्या खालीच होता. आई मागे झोपली होती.