पडल्यावर आलेली सूज आणि पडल्यावर उठलेला संधिवात, दोन्ही एक नव्हेत बाप्पा

नागपुरात कोणाची बोटं सुजली की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठं पडली होतीस का?" आणि पडली नसेल तर दुसरा, "घरात काही टेन्शन?" आता पावसाळ्यात इथं गाडी स्लिप न झालेला माणूस दाखवा मला, आणि टेन्शन तर घरोघरी. म्हणजे उत्तर हो येणारच, आजाराचं कारण सापडलं म्हणून सगळे मोकळे. ऐकून ऐकून कान किटले म्हणून लिहून राहिलो.

माराची सूज सगळ्यांना माहीत आहे. गुडघा आपटला, लाल झाला, बर्फ लावला, आराम केला, उतरला. जबर मार असला तर काही वर्षांनी तिथं झीज येते, पण त्याच सांध्यात.

संधिवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड किंवा सोरायसिसवाला (सोरायसिस म्हणजे कातडीवर खवलेदार चट्टे उठतात तो आजार), इम्युनिटी आपल्याच सांध्यांवर उलटते आणि सूज थांबायचं नावच घेत नाही. आरामाने आखडतं, हालचालीने मोकळं होतं, सकाळी तासभर मूठ वळत नाही. पडलात उजव्या गुडघ्यावर आणि सुजून राहिली दोन्ही हातांची बोटं, तर तो मार नव्हे. (चिकनगुनियातही असं होतं, 2006 ला आणि परत 2024 ला नागपूरकरांनी ते भोगलंय, म्हणून तापाचंही डॉक्टरला सांगा.)

गडबड होते ती इथं, की पडल्यानंतर झालं म्हणजे पडल्यामुळेच झालं असं लोक धरून चालतात. ऱ्हुमॅटॉइडच्या बऱ्याच पेशंटमध्ये अँटी-सीसीपी नावाची अँटीबॉडी पहिला सांधा सुजायच्या कित्येक वर्षं आधीच रक्तात असते, रक्तदात्यांचे साठवलेले जुने नमुने तपासून हे दिसलेलं आहे. म्हणजे गाडी स्लिप झाली तेव्हा आतली तयारी कधीचीच सुरू होती, आपल्याला फक्त पडणं तेवढं आठवतं. मग पडण्याचा काहीच संबंध नाही का? तर तसंही नाही. सोरायसिसमध्ये खरचटलं तिथंच नवा चट्टा उठू शकतो, हे कोब्नर या जर्मन डॉक्टरने 1870 च्या दशकातच सांगून ठेवलंय. आणि ब्रिटनमधल्या पेशंटच्या रेकॉर्डवरून 2017 साली आलेल्या अभ्यासात सोरायसिस असलेल्यांपैकी ज्यांच्या हाडाला किंवा सांध्याला मार लागला त्यांना सोरायसिसचा संधिवात व्हायची शक्यता साधारण दीडपट निघाली, पण सोरायसिस नसलेल्यांना मार लागून ऱ्हुमॅटॉइड वाढला असं काही दिसलं नाही. सरसकट सगळ्यांना "मार लागला की वात धरतो" म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य परत वाचावं.

मनाच्या धक्क्याचंही बरंचसं असंच. 2018 ला स्वीडनमधून मोठा अभ्यास आला, पीटीएसडी (जबर धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार) आणि तसल्या आजारांचं निदान झालेले एक लाखावर लोक, आणि तुलनेला त्यांचीच सख्खी भावंडं आणि बाकीची जनता. ऑटोइम्यून आजार, म्हणजे इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटते ते, या निदान झालेल्यांत हजारामागे वर्षाला सुमारे 9, इतरांत 6 ते साडेसहा. फरक खरा आहे, पण म्हणजे हजारात दोन-तीन माणसं जास्त, आणि एवढ्यावरून धक्क्यानेच आजार झाला हेही सिद्ध होत नाही. शिवाय हे निदान झालेले लोक होते, ऑफिसची किटकिट आणि गाडीचा ईएमआय यात मोजलेला नाही. ताण फार लांबला की कॉर्टिसॉल या सूज आवरणाऱ्या हार्मोनचा ब्रेक ढिला पडतो आणि सूज पेटती ठेवणारी रसायनं वाढतात, असं एक स्पष्टीकरण आहे, पण एका विशिष्ट बाईला तिच्या नवऱ्याच्या मरणामुळेच ल्युपस (असाच एक ऑटोइम्यून आजार) झाला का, हे कोणतीही टेस्ट सांगू शकत नाही. त्यामुळे "फार विचार करते म्हणून झालं" हे वाक्य मला सर्वात जास्त डोक्यात जातं, कारण आजार तर तिचाच आणि वरून दोषही तिलाच.

आणि टेन्शनमुळे झालं म्हणून टेन्शन गेलं की जाईल, असं समजून मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध बंद करणारे पण आहेत. आजार आधीच सुरू असेल तर ताणाने तो उसळू शकतो, पण ताण गेला म्हणून तो निघून जात नाही. पुडीवाल्यांकडे तर अजिबातच जाऊ नका, कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं.

सूज सहा आठवड्यांवर गेली तर हाडांच्या डॉक्टरनंतर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा, आणि घरात कोणाला सोरायसिस असेल, नुसता डोक्यातला कोंडा समजून सोडलेला का असेना, तर तेही सांगा.