टायरचा चार (char): पायरोलिसिस वेगळं, गॅसिफिकेशन वेगळं

वाडा तालुक्यात टायरच्या किती भट्ट्या आहेत हे पालघरकडे फिरलेल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे पायरोलिसिस समजावत बसत नाही. हवा बंद, बाहेरून जाळ. चारशे-पाचशे अंशांना रबर तुटतं, तेल निघतं, थोडा गॅस निघतो, तारा सुट्या होतात. शेवटी टायरच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा काळी भुकटी उरते. तोच चार.

आता ते वाक्य, जे ऐकून ऐकून माझे कान किटलेत: ‘या चारचाही गॅस होतो म्हणे. भट्टी अजून तापवायची आणि वरून कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, टाकायचा.’

नाही होत. भट्टी अजून तापवली तर चारमध्ये अडकून राहिलेलं थोडंफार तेल उडून जाईल, बस्स. कार्बन आहे तिथेच राहील. त्यातला बहुतेक कार्बन टायर बनवतानाच रबरात मिसळलेला कार्बन ब्लॅक असतो, आणि तो जन्मालाच येतो हजार अंशांच्या कितीतरी वरच्या ज्वाळेत. त्याला तुमच्या पाचशे अंशांचं काय कौतुक?

पायरोलिसिसला नुसती उष्णता पुरते, कारण तिथे मोठा रेणू तुटून लहान होतो. चारमध्ये तोडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. कार्बन घन रूपातून वायूत न्यायचा, म्हणजेच गॅसिफिकेशन करायचं, तर त्याला कुणीतरी ऑक्सिजन आणून द्यावा लागतो. तो देणारी मंडळी म्हणजे पाण्याची वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड. हिशोबच बघा ना: १२ किलो कार्बन अधिक ४४ किलो कार्बन डायऑक्साइड, मिळून ५६ किलो कार्बन मोनॉक्साइड. गॅसच्या वजनातला मोठा वाटा बाहेरून आलेला आहे. ज्या यंत्रात बाहेरून काही जातच नाही ते गॅसिफायर नव्हे, मालकाने पाटीवर काहीही रंगवलेलं असो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर थर्मोबॅलन्ससमोर, म्हणजे तापवता तापवता वजन मोजणाऱ्या काट्यासमोर, बसा. चिमूटभर चार, दहा-पंधरा मिलिग्रॅम, इवल्याशा पांढऱ्या मुशीत ठेवायचा आणि नायट्रोजनमध्ये ९०० अंशांपर्यंत न्यायचा. वजनाची रेघ सुरुवातीला थोडी घसरते, मग आडवी होते. चहा पिऊन या, आडवीच असते. मग नायट्रोजन बंद करून कार्बन डायऑक्साइड सोडा. तापमान तेच, मूस तीच, आणि रेघ खाली यायला लागते. आडव्या रेघेपर्यंत पायरोलिसिस, उतारापासून गॅसिफिकेशन. मी तर नवीन पोरांना व्याख्यान देतच नाही, ही रेघ दाखवतो.

(जाळणं आणि गॅसिफाय करणं यांतही लोक घोळ घालतात, पण तो किरकोळ. भरपूर हवा दिली की जळतं आणि उष्णता मिळते. वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड दिला की उष्णता खर्च होते. गोबर गॅसचा तर इथे काडीचा संबंध नाही, तो जिवाणूंचा कारभार.)

आता कॅटॅलिस्ट. शाळेत उत्प्रेरकाला विरजणाचं उदाहरण देतात, त्याचा मला भयंकर राग आहे. विरजणातले जिवाणू दूध खातात आणि वाढतात. उत्प्रेरक यातलं काहीच करत नाही. तो ऑक्सिजन आणत नाही, उष्णता आणत नाही, समतोलही (म्हणजे अभिक्रिया शेवटी कुठे येऊन थांबते ते) हलवत नाही. साध्या वातावरणीय दाबाला ९०० अंशांवर समतोल जवळजवळ पुरता कार्बन मोनॉक्साइडकडे झुकलेला असतो, ६०० ला कार्बन डायऑक्साइडकडे. जगातला कुठलाही कॅटॅलिस्ट हा कल बदलत नाही. तो फक्त वेग वाढवतो. म्हणजे जे काम ९०० ला होत होतं ते त्याच वेगाने थोड्या कमी तापमानाला होतं. हा फायदा लहान नाही, पण जादूही नाही.

पायरोलिसिसवाले झिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज कॅटॅलिस्ट म्हणून वापरतात, ते तेलाच्या वाफांवर काम करतं. इथे कॅटॅलिस्ट कार्बनलाच चिकटलेला हवा. माझी पसंती पोटॅशियम कार्बोनेटला. लाकडाच्या कोळशात पोटॅश (पोटॅशियमचे क्षार) मुळातच असतं, म्हणून तो पटापट संपतो. टायरच्या चारमध्ये ते नसल्यातच जमा, म्हणून तो रेंगाळतो. पोटॅश कोरडं मिसळू नका, पाण्यात विरघळवून चार त्यात भिजवा. पहिल्यांदा भुकटी पाण्यावर तरंगत राहील, भिजणारच नाही. थोडं अल्कोहोल घाला, मग बुडते.

निकेल घालायचा सल्ला देणाऱ्याला विचारा, टायरमधल्या गंधकाचं काय करणार? निकेलला गंधक म्हणजे विषच. आणि हल्लीच्या टायरांत सिलिका बरीच असते. राखेत तिच्या जोडीला ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) असेल तर दोघं मिळून पोटॅशियमला असं बांधून टाकतात की नंतर पाण्याने धुऊनही ते सुटत नाही. म्हणून कॅटॅलिस्ट किती घालायचा हे ठरवण्याआधी राख तपासून घ्या.

राखेत जस्तही सापडेल, कारण रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड घालतात. ९०० च्या आसपास कार्बन त्या ऑक्साइडचं धातूत रूपांतर करतो आणि जस्ताची वाफ गॅसबरोबर निघून जाते. पुढे नळी जिथे गार होते तिथे ती करड्या थराने बसते. नळी तुंबली की लोक कॅटॅलिस्टला शिव्या देतात.