पीसीएनएल (त्वचेवाटे मुतखडा काढण्याची शस्त्रक्रिया)

पाठीकडून मूत्रपिंडापर्यंत बारीक बोगदा करून, त्यातून दुर्बीण घालून मुतखडा फोडून बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया. बोलीत हिला ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात. मात्र लघवीच्या वाटेने केलेल्या यूआरएस (मूत्रवाहिनीतील खड्यासाठी) आणि आरआयआरएस (मूत्रपिंडातील खड्यासाठी) या शस्त्रक्रियांनाही लोक तेच म्हणतात. त्यामुळे जुने कागद नसतील तर आधी नेमके काय झाले होते, हे रुग्णाच्या पाठीवरचा व्रण पाहूनच कळते. साधारण २ सेंमी.पेक्षा मोठा खडा आणि सांबरशिंगासारखा फाटे फुटलेला स्टॅगहॉर्न खडा यांसाठी ही पद्धत प्रथम विचारात घेतात.

उगम : सुश्रुतसंहितेतील अश्मरीच्या (मुतखड्याच्या) शस्त्रकर्माशी या पद्धतीचे नाते काही लेखक जोडतात. ते वर्णन मूत्राशयातील खड्याचे आणि गुदाजवळून दिलेल्या छेदाचे असल्याने हे नाते मानणे कठीण दिसते. रूपेल आणि ब्राउन यांनी १९४१ मध्ये मूत्रपिंडातून बाहेर आणलेल्या वाटेने खडा काढला. ती वाट मात्र उघड्या शस्त्रक्रियेने आधीच केलेली होती. १९५५ मध्ये गुडविन व सहकाऱ्यांनी फुगलेल्या मूत्रपिंडात त्वचेवरून नळी घातली, पण ती तुंबलेली लघवी काढण्यासाठी. खडा काढण्याच्या हेतूनेच वाट करून तो काढल्याचा पहिला वृत्तांत फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांचा (स्वीडन, १९७६) असून उगम तेथून धरणे अधिक योग्य होय.

कृती : भूल दिल्यावर मूत्रवाहिनीत खालून कॅथेटर सरकवून रंगद्रव्य सोडतात. मग क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या आधाराने १८ गेजची सुई मूत्रपिंडाच्या मागच्या बाजूच्या चषकात (लघवी गोळा होणाऱ्या पेल्यासारख्या कप्प्यात) नेतात. सुईतील सळई काढल्यावर लघवीचा थेंब आला, की जागा बरोबर. सुईतून गाइडवायर (वाट दाखवणारी बारीक तार) घालून तिच्यावरून वाट टप्प्याटप्प्याने रुंदावतात. वाटेत बसवायची पोकळ नळी, म्हणजे आवरण, नेहमी २४ ते ३० फ्रेंच असते (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. व्यास). खडा न्यूमॅटिक दांडीने, लेसरने किंवा अल्ट्रासाउंडने फोडतात. धुण्यासाठी सलाइनच वापरतात; साधे पाणी रक्तात शोषले गेल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि सोडियम घसरते.

निकालाचा बराचसा भाग या पहिल्या टोचण्यावर ठरतो. सुई चषकाच्या टोकातून, पॅपिलाच्या (चषकात उघडणाऱ्या मूत्रपिंडाच्या टोकदार उंचवट्याच्या) मधोमध गेली तर वाटेत मोठी रक्तवाहिनी लागण्याची शक्यता कमी असते. तीच सुई चषकाच्या मानेतून किंवा थेट वृक्कद्रोणीत (सर्व चषक जिथे मिळतात त्या पोकळीत) गेली, तर तिथल्या धमन्यांना इजा होऊ शकते. शिवाय द्रोणीची भिंत पातळ असल्याने वाट नीट धरत नाही.

निष्पत्ती : ९६ केंद्रांतील ५,८०३ रुग्णांच्या जागतिक पाहणीत (२०११) खडामुक्त रुग्ण ७५.७ टक्के आढळले. हा आकडा जपून वाचावा. सर्व केंद्रांची तपासणी एकसारखी नव्हती, आणि साध्या एक्स-रेत न दिसणारे तुकडे सीटी स्कॅनमध्ये दिसतात. ४ मिमी.पर्यंतच्या तुकड्यांना ‘निरुपद्रवी’ म्हणण्याची जुनी रीत आता पटत नाही. त्यांतले काही वाढतात, काही मूत्रवाहिनीत अडकून कळा आणतात.

गुंतागुंत : वरील पाहणीत लक्षणीय रक्तस्राव ७.८ टक्के, रक्त द्यावे लागणे ५.७ टक्के, ३८.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप १०.५ टक्के आणि छातीत पाणी होणे १.८ टक्के असे प्रमाण होते. शस्त्रक्रियेच्या वेळचा स्राव बहुधा शिरेचा असतो. नळी घालून ती काही वेळ चिमट्याने बंद ठेवली, की आत गुठळी धरून तो थांबतो. घरी गेल्यावर, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, अचानक गडद लाल लघवी व गुठळ्या येऊ लागल्या तर धमनीचा खोटा फुगा किंवा धमनी-शिरेची जोड यांचा संशय घ्यावा. अशा वेळी अँजिओग्राफी करून ती फांदी कॉइलने बंद करतात.

सर्वांत धोक्याची गुंतागुंत म्हणजे सेप्सिस (जंतुसंसर्ग रक्तात व शरीरभर पसरणे). लघवीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निर्दोष असले तरी खड्याच्या पोटात जंतू असू शकतात. म्हणून फोडलेल्या खड्याचेही कल्चर करावे. धुण्याच्या पाण्याने मूत्रपिंडातील दाब ३० मिमी. पाऱ्याच्या वर बराच वेळ राहिला, तर जंतू आणि त्यांची विषे रक्तात शिरतात. टोचल्यावर पू आला तर खड्याला हात न लावता नळी ठेवून थांबणे हाच शिरस्ता.

बाराव्या बरगडीच्या वरून वाट केल्यास फुप्फुसावरणाला इजा होण्याचा धोका वाढतो. आतडे फुटणे विरळ. ते मूत्रपिंडाच्या मागे आलेले असेल तर घडते, म्हणून आधीचा सीटी स्कॅन पाहावा.

लहान वाटा : १४ ते २० फ्रेंचच्या मिनी पद्धतीत रक्त कमी जाते, वेळ मात्र जास्त लागतो आणि आवरण अरुंद असल्याने दाब चढू शकतो. ४.८५ फ्रेंचच्या मायक्रोपर्क (सुईएवढ्या बारीक वाटेची पीसीएनएल) या पद्धतीच्या विकासात गुजरातमधील नडियाद येथील शल्यविशारदांचा वाटा आहे. तिच्यात तुकडे बाहेर काढता येत नाहीत, ते लघवीतूनच पडावे लागतात.

शेवटी ठेवलेला डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) सहसा काही आठवड्यांत काढतात. तो विसरून राहिला तर त्याच्यावरच खडा जमतो, आणि तो काढण्यासाठी कधी कधी पुन्हा पीसीएनएल करावी लागते.