रिंगमधला खराखुरा नायक : 'लीबे इम रिंग'ची पार्श्वभूमी

मार्च १९३० मध्ये जर्मनीत 'लीबे इम रिंग' ('रिंगमधलं प्रेम') हा चित्रपट प्रदर्शित झाला. होतकरू बॉक्सर, त्याच्यावर जीव असलेली साधी मुलगी (रेनाटे म्युलर) आणि त्याला भुरळ घालणारी श्रीमंत बाई (ओल्गा चेखोवा), असा हा त्रिकोण. गोष्ट जुनीच, पण नायक नवा होता. माक्स श्मेलिंग हा नट नव्हे, खराखुरा हेवीवेट मुष्टियोद्धा. लोक आले ते त्यालाच बघायला.

काही वर्षांपूर्वी हे शक्यच नव्हतं. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या राज्यात जाहीर बॉक्सिंगला बंदी होती. ती पहिल्या महायुद्धानंतर उठली. ब्रिटिश छावण्यांत युद्धकैदी असलेले काही जर्मन हा खेळ शिकूनच मायदेशी परतले होते. बघता बघता बर्लिनला त्याचं वेड लागलं, आणि ते फक्त कामगारवस्त्यांपुरतं राहिलं नाही. नाटककार ब्रेश्ट बॉक्सरांशी मैत्री करत होता. चित्रकार गेओर्ग ग्रोसने १९२६ मध्ये श्मेलिंगचं व्यक्तिचित्र रंगवलं. श्मेलिंगला या खेळाची ओढ लावली तीही सिनेमानेच. १९२१ च्या डेम्प्सी आणि कार्पेंतिये या बॉक्सरांच्या लढतीची फिल्म त्याने पोरवयात पाहिली आणि बॉक्सर व्हायचं ठरवलं.

त्यात बोलपटाची लाट आली. प्रत्येक स्टुडिओला पडद्यावर आवाज हवा होता, तोही ताबडतोब. 'लीबे इम रिंग' पूर्ण बोलपट नव्हे. मूकपट आणि बोलपट यांच्या उंबरठ्यावरचा आहे. तरी श्मेलिंगला त्यात चक्क गाणं दिलं. बॉक्सरच्या हृदयाला एकच प्रेम ठाऊक, विजयासाठीची झुंज, असा त्याचा आशय. तो गातो कमी, बोलतो जास्त. पण मला त्याचा तो अवघडलेला, प्रामाणिक आवाज कुठल्याही सफाईदार गळ्यापेक्षा जवळचा वाटतो. त्या गाण्याची तबकडीही निघाली. सिनेमा आल्यावर तीनच महिन्यांनी, १२ जूनला न्यूयॉर्कमध्ये, अमेरिकन बॉक्सर जॅक शार्कीने कमरेखाली ठोसा मारल्यामुळे बाद होऊन लढत गमावली आणि श्मेलिंग विश्वविजेता ठरला.

१९३३ मध्ये त्याने चेक अभिनेत्री अ‍ॅनी ओंद्राशी लग्न केलं. हिचकॉकच्या 'ब्लॅकमेल' या इंग्रजी बोलपटामध्ये (१९२९) तिचे चेक वळणाचे उच्चार चालेनात, म्हणून ती नुसते ओठ हलवायची आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी राहून जोन बॅरी तिचे संवाद म्हणायची. न गाणाऱ्याला गायला लावणाऱ्या त्याच काळाने एका खऱ्या अभिनेत्रीचा आवाज काढून घेतला होता. १९३५ मध्ये नवरा-बायको 'नॉकआउट' या चित्रपटात एकत्र झळकले.

तोवर 'लीबे इम रिंग'मधला नट कुर्ट गेरॉन नाझींमुळे देशाबाहेर पडला होता. दिग्दर्शक राइनहोल्ड श्युन्झेलची आई ज्यू. तोही १९३७ मध्ये हॉलिवूडला गेला. गेरॉनला १९४४ मध्ये आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीत मारण्यात आलं.