नाकातला धागा आणि पाण्याची कात्री

परवा भाचीने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर धागा घालून नाक उंचावण्याची जाहिरात. बसकं नाक, मग 'फक्त पंधरा मिनिटं', मग चाफेकळी. खाली ओळ: 'ऑपरेशन नाही, टाका नाही.' ऑपरेशन नाही हे खरं. पण नाकात जो घालतात तो टाक्याचाच दोरा!

त्याचं नाव पॉलिडायॉक्सॅनोन, म्हणजेच पीडीओ. शरीराच्या आतले, पुन्हा काढावे न लागणारे टाके घालायला सर्जन तो १९८०च्या दशकापासून वापरतात. नाक उंचावायला तो वापरण्याची टूम दक्षिण कोरियातली. तिथे याला 'हायको' म्हणतात. कोरियन भाषेत 'को' म्हणजे नाक.

भूल देऊन नाकाच्या शेंड्याला सुईने भोक पाडतात आणि त्यातून एक बोथट नळी नाकाच्या कण्यावरून वर सरकवतात. नळी मागे घेतली की धागा आत राहतो. धाग्याला बारीक काटे असतात, त्यामुळे तो पायमोज्यात शिरलेल्या कुसळासारखा घट्ट बसतो. दोन नाकपुड्यांच्या मधे उभे धागे घातले की शेंडा उचलला जातो.

आता माझा आवडता भाग. पूर्वी टाक्यांना कॅटगट असे, गुरामेंढरांच्या आतड्यापासून केलेला. तो शरीरातली विकरं (एन्झाइम्स) पचवत, त्यामुळे कोणाचा टाका कधी विरेल याचा नेम नसे. पीडीओला विकरं लागत नाहीत, नुसतं पाणी पुरतं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात, तेला-तुपात असतात त्याच जातीचे. पाण्याचा रेणू तिथे घुसतो आणि बंध तुटतो: एका टोकाला आम्ल, दुसऱ्याला अल्कोहोल गट. साबण करताना तेलातले हेच बंध कॉस्टिक सोडा झटपट तोडतो. इथे सोडा नाही, म्हणून काम संथ चालतं. त्यातही साखळ्या जिथे विस्कळीत असतात तिथे पाणी आधी शिरतं, स्फटिकासारख्या शिस्तीत रचलेल्या भागात उशिरा. म्हणून धागा दिसायला अख्खा असतानाच काही आठवड्यांत त्याचा जोर ओसरू लागतो. सहा-सात महिन्यांत तो उरतच नाही. तुकडे बहुतांशी लघवीवाटे जातात.

मग नाक कशावर उभं राहतं? धाग्याभोवती शरीराने घातलेल्या कुंपणावर. जाहिरातीत याला 'कोलॅजन बूस्ट' म्हणतात. साध्या मराठीत तो व्रण. तोही हळूहळू बदलत जातो आणि नाक पुन्हा बसतं. शिवाय मोठं नाक लहान करणं धाग्याच्या आवाक्याबाहेरचं.

मालिशवाली बाई बाळाचं नाक तेल लावून चिमटीत ओढते, त्यानेही काही होत नाही. चिमूट सुटली की कूर्चा जागेवर. पण निदान त्यात आत काही राहत नाही. धागा घातल्यावर मात्र शेंड्याची कातडी ताणली जाऊन कधी त्याचं टोक बाहेर डोकावतं, कधी जंतूसंसर्ग होतो. मग तो काढायचा, आणि काटे तर मुद्दाम निसटू नये म्हणूनच केलेले. ते काम पंधरा मिनिटांत होईलच असं नाही.